राणीच्या खुरातला पू
अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत गाडी ओढणारी आमची घोडी राणी एका सकाळी डावा पाय टेकवेना. मी खुळ्यासारखा खांदा चोळत बसलो. आधी खुराला हात लावा: आत पू झाला असेल तर गरम लागतं, घोट्यामागची नाडी ठकठक उडते.

नाल नालबंदाकडून काढा, पण पू डॉक्टरांनाच मोकळा करू द्या. मी चाकू चालवला, नुसतं रक्त आलं. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या.

दिवसातून दोनदा कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय वीस मिनिटं बुडवायचा. बादली ती लाथाडायचीच, म्हणून ट्रकच्या ट्यूबची पिशवी केली. मग पाय कोरडा पुसून बाळाचं डायपर, वर चिकटपट्टी. ओली वाळू बंद.

आठवड्यात उतार नसेल तर एक्स-रे काढा. राणीचा पू नवव्या दिवशी खुराच्या वर, केसांच्या कडेला फुटला; काळा, कुजक्या वासाचा.