वैद्यकीय ग्रंथालयात प्लेसमेंट करताय? या चुका टाळा

बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करणाऱ्या गावाकडच्या मुलामुलींना नोकरी म्हटलं की तालुक्याचं वाचनालय आठवतं, नाहीतर सीनियर कॉलेजची लायब्ररी. वैद्यकीय ग्रंथालय सहसा मनात येत नाही. पण सेवाग्राम, सावंगी (मेघे), यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया या सगळ्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यामुळे नागपूरला खोली न करताही तिथे प्लेसमेंट, म्हणजे शिकण्यासाठी प्रत्यक्ष काम, करता येतं. शिकायचं ते विद्यार्थी असतानाच शिका. डॉक्टरांसाठी लेख शोधण्याचं काम वर्गात बसून हाताला येत नाही, आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारलं जातं.

पत्र चुकीच्या टेबलावर जातं

अनेक जण थेट ग्रंथपालांना भेटतात, ते तोंडी 'या' म्हणतात आणि रुजू व्हायच्या दिवशी गेटवरच अडतं. शासकीय महाविद्यालयात परवानगी अधिष्ठाता (डीन) देतात. म्हणून आपल्या विभागप्रमुखांच्या सहीचं, जावक क्रमांक असलेलं पत्र अधिष्ठात्यांच्या नावे न्या, त्याची प्रत ग्रंथपालांना द्या, आणि आवक विभागाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. पत्रात तारखा, रोजचे तास आणि कोणती कामं शिकायची आहेत ते लिहा. हे निदान महिनाभर आधी करा. एमबीबीएसच्या परीक्षांचा काळ टाळा, कारण तेव्हा वाचनकक्ष भरलेला असतो आणि शिकवायला कोणाला सवड नसते. वेळ ठरवताना गावाकडची शेवटची एसटी किती वाजता सुटते तेही आधीच सांगून टाका.

देवघेव काउंटरवरच सगळे दिवस जातात

मनुष्यबळ कमी असलं की नवा मुलगा काउंटरवर बसवला जातो. ते काम आठवड्याभरात हाती येतं, पुढे नवीन काही मिळत नाही. पहिल्याच दिवशी नम्रपणे विचारा: "मॅडम, सकाळी काउंटर सांभाळतो, दुपारी शोधसेवेला बसू का?" बहुतेक ग्रंथपाल याला खुशीने होकार देतात.

तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम) मिळालं तर एक चूक विशेष जपा. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या तालिकेतून नोंद उतरवून घेताना पुस्तक तेच असतं, आवृत्ती मात्र वेगळी. औषधशास्त्राच्या पुस्तकात हे महागात पडतं, कारण आवृत्तीबरोबर औषधांचे डोस आणि उपचारपद्धती बदलतात. म्हणून आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) जुळवा, मग नोंदीतल्या २५० या फील्डमधली (रकान्यातली) आवृत्ती, प्रकाशन वर्ष आणि ३०० मधली पृष्ठसंख्या हातातल्या प्रतीशी ताडून बघा. वर्गीकरण ड्यूईचं (दशांश आकड्यांचं) आहे की अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं, ते रॅक बघूनच ठरवा. ड्यूईत बालरोग ६१८.९२ ला सापडतील, दुसऱ्या पद्धतीत डब्ल्यू-एस खाली. दोन्हींची सरमिसळ झाली की पुस्तक असूनही कोणाला मिळत नाही.

प्रश्न न समजताच शोध सुरू होतो

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. रेसिडेंट (एमडी-एमएस शिकणारा डॉक्टर) येऊन म्हणतो, "सिकल सेलवर काही पेपर काढून दे." विद्यार्थी लगेच पबमेड (वैद्यकीय लेखांचा ऑनलाइन डेटाबेस) उघडतो आणि हजारो नोंदींचा ढीग समोर ठेवतो. रेसिडेंट तो ढीग बघतो आणि पुन्हा लायब्ररीकडे फिरकत नाही.

आधी विचारा. रुग्ण लहान मुलं की मोठी माणसं? उपचार कोणता, समजा हायड्रॉक्सियुरिया? तुलना कशाशी? बघायचं काय आहे, दुखण्याचे झटके कमी होणं की रक्त चढवण्याची गरज? आणि हवं कशासाठी: वॉर्डातल्या रुग्णासाठी, जर्नल क्लबसाठी (लेखावरच्या चर्चेसाठी) की थिसिसच्या सिनॉप्सिससाठी (संशोधनाच्या आराखड्यासाठी)? वॉर्डासाठी अर्ध्या तासात चार चांगले लेख पुरतात. सिनॉप्सिसला मात्र सविस्तर शोध लागतो, त्याला एकदोन दिवस मागून घ्या.

मग शोधाचे शब्द. मेश म्हणजे पबमेडची ठरवून दिलेली विषयशीर्षकं. त्यात हा आजार 'ॲनिमिया, सिकल सेल' असा उलट क्रमाने आहे. पण नुसत्या मेशवर थांबू नका, कारण अगदी नव्या लेखांना आणि काही इतर नोंदींना ही शीर्षकं लागलेली नसतात. मेश शीर्षक आणि लेखाच्या नाव-सारांशातले साधे शब्द 'ऑर'ने जोडा, मग दुसरी संकल्पना 'अँड'ने. पबमेडमध्ये हे जोडशब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागतात.

अवतरणचिन्हं टाकताना थांबून विचार करा. ती टाकली की पबमेड आपणहून समानार्थी शब्द जोडायचं बंद करतं. ब्रिटिश स्पेलिंगचं 'सिकल सेल ॲनिमिया' अवतरणात टाकलं, तर अमेरिकन स्पेलिंगचे आणि 'सिकल सेल डिसीज' म्हणणारे लेख निसटतात. सर्पदंशाचंही तसंच: स्नेकबाइट हा एक शब्द, स्नेक बाइट हे दोन शब्द, शिवाय एन्व्हेनोमिंग आणि एन्व्हेनोमेशन (अंगात विष भिनणं). चारही घ्या.

गाळण्या (फिल्टर) शेवटी लावा. वयाची गाळणी मेशवर चालते, त्यामुळे 'चाइल्ड' निवडलं की ताजे लेख गळतात. 'फ्री फुल टेक्स्ट' सुरुवातीलाच लावली तर महाविद्यालयाने पैसे भरून घेतलेली नियतकालिकं यादीतून जातात. लेख मागे घेतल्याची सूचना आहे का, तेही प्रत्येक नोंदीवर बघा.

शोध झाला की तारीख, डेटाबेस, शोधवाक्य जसंच्या तसं, गाळण्या आणि मिळालेल्या नोंदींची संख्या वहीत उतरवा. सहा महिन्यांनी तोच रेसिडेंट नवे लेख मागतो, तेव्हा ही नोंद नसेल तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नेट अधूनमधून जात असेल तर निवडलेल्या नोंदी लगेच झोटेरो या संदर्भ साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घ्या. संदर्भयादी तिथूनच व्हँकुव्हर (संदर्भांना क्रमांक देण्याच्या) पद्धतीत निघते.

एकाच्या घाईने सगळ्यांचं नेट बंद

डाउनलोड मॅनेजर लावून अंकच्या अंक उतरवू नका. एकाच आयपीवरून (नेटच्या पत्त्यावरून) झपाट्याने पीडीएफ निघताना दिसले की प्रकाशक त्या आयपीचा प्रवेश रोखतो, आणि मग सगळ्या महाविद्यालयाला लेख उघडत नाहीत. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे शासकीय संस्थांना मोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं मिळू लागली आहेत. एका विद्यार्थ्यामुळे ती अडणं सगळ्यांनाच त्रासाचं ठरतं. लॉगिन मित्राला देणं हाही करारभंगच.

रुग्णाचा कागद हातात घेणं

मेडिकल रेकॉर्ड विभाग वेगळा, ग्रंथालय वेगळं. केसपेपर चाळू नका, मोबाइलवर फोटो तर मुळीच काढू नका. कधी एखाद्याचे वडील रिपोर्ट घेऊन विचारतात, "बाई, पहा बरं, यात काय लिहिलं हाय?" त्यांना आदराने सांगा, "काका, हे डॉक्टरच सांगतील," आणि ओपीडीपर्यंत सोबत जा. रिपोर्टचा अर्थ आपण सांगायचा नाही, कितीही सोपा वाटला तरी.

प्रमाणपत्रावर फक्त तारखा

'अमुक ते अमुक काम केले' एवढ्याने नोकरी देणाऱ्याला काहीच कळत नाही. रोजच्या वहीवर आठवड्याला ग्रंथपालांची सही घ्या. निघायच्या चार दिवस आधी कामांची यादी टाइप करून त्यांच्यापुढे ठेवा: किती तास, कोणती प्रणाली, किती शोध, किती नोंदी. प्रमाणपत्रात तीच यादी येऊ द्या. सोबत दोन-तीन शोधांचे नमुने जोडा, मात्र रेसिडेंटचं नाव आणि रुग्णाचा कोणताही तपशील आधी काढून टाका.