लिथुएनियाला निघण्याआधी: आधी हातांची तयारी, मग बॅगेची

गेल्या ऑक्टोबरात लिथुएनियातल्या काउनास शहरातून एक मुलगी आठवडाभर आमच्या घरी राहायला आली होती. माझ्या लेकीच्या शाळेची आणि तिच्या शाळेची अदलाबदल होती. आधी त्यांची मुलं इकडे जर्मनीत, मग मार्चमध्ये इकडची मुलं तिकडे. विषय होता आपापल्या भागातला वारसा आणि हातकाम. येताना तिने राय धान्याचा जड, काळा पाव आणला आणि आजीने विणलेला एक अरुंद, लांब पट्टा. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने सहज विचारलं, ‘तुमच्याकडे घरी हाताने काय करतात?’ दिवाळी जवळ आली होती. खिडकीत आकाशकंदील होता, पण इंटरनेटवरून मागवलेला, घडी उघडली की तयार होणारा. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मी वहीत पहिली ओळ लिहिली आणि मार्चपर्यंत यादी वाढत गेली. आता इकडच्या आणखी काही मराठी घरांतली मुलं जाणार आहेत, म्हणून ती सविस्तर लिहिते आहे. शाळेकडून येणाऱ्या यादीत टूथब्रश, छत्री, चार्जर हे सगळं असतंच, त्यामुळे ते इथे सोडून दिलं आहे.

सुरुवात दोन महिने आधी करायची आणि ती एका हातकामापासून. एकच निवडा. वारली, रांगोळी, मेंदी, पैठणीचा इतिहास असं सगळं एका सादरीकरणात कोंबलं तर मुलाला त्यातलं काहीच नीट येत नाही, आणि समोरच्या वर्गात बसलेल्या मुलांना हाताने बुटके बाहुले, टोपल्या, पट्टे करायची सवय असते. त्यांना ते लगेच कळतं. आपल्या घरात ज्याचा धागा सापडतो ते घ्या. आजोबा बांबूच्या कामट्यांचा कंदील करत असतील तर कंदील. कोकणातलं घर असेल तर भाताच्या लोंब्यांचं तोरण. आमच्याकडे गोधडी निघाली. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर धावदोरा शिकवला. मागच्या वेळी तिने दिलेल्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे माझ्याकडे होते, त्यातून हातरुमालाच्या दुप्पट आकाराची एक छोटी गोधडी सात आठवड्यांत झाली. टाके वाकडे आले तर उसवायला लावू नका. लेकीने तिथे हीच गोधडी दाखवली आणि मग त्या मुलीच्या आजीला दिली. आजींनी पहिल्यांदा उलटी बाजू बघितली. विणणारी, शिवणारी माणसं आधी उलटी बाजूच बघतात.

दुसरं, तिथलं एक हातकाम आधीच घरी करून बघायचं. माझ्या मते त्यासाठी ‘सोडास’ सगळ्यात चांगला. हा काड्यांचा, छतापासून टांगायचा झुंबरासारखा प्रकार. राय धान्याच्या पोकळ काड्या सारख्या लांबीच्या कापतात, त्यांतून दोरा ओवतात आणि एकमेकींना जोडत भूमितीचे आकार उभे करतात. (राय म्हणजे आपली फोडणीतली राई नव्हे, गव्हाच्या जातकुळीतलं थंड प्रदेशातलं धान्य.) लग्नाच्या मेजावर, बाळाच्या पाळण्यावर तो टांगायची रीत आहे. वाऱ्याची झुळूक नसली तरी तो हळूहळू फिरत राहतो. ‘सोडास’ या शब्दाचा अर्थ बाग. २०२३ साली युनेस्कोने या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. घरी करायला कागदी स्ट्रॉ पुरतात. बारा सारखे तुकडे, लांब सुई, पक्का दोरा, आणि त्यातून आठ पृष्ठांचा एक आकार. पहिला आकार हमखास कोसळतो, कारण दोरा ढिला राहतो. खऱ्या काड्या त्याहून नाजूक असतात, कोरड्या ओवल्या तर चिरतात, म्हणून आधी भिजवून मऊ करतात. घरी दोन-तीन आकार उभे राहिले असतील तर तिथल्या कार्यशाळेत मूल पहिल्या तासाला धडपडत बसत नाही आणि शिकवणाऱ्या बाईंकडे नीट बघू शकतं.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. जवसाची चटणी करा आणि मुलाला समोर बसवून सांगा की लिननचं कापड याच झाडाचं. आपण बी खातो, तिकडे खोडातला वाख काढून कापड करतात. लिथुएनियात जवसाच्या शेतीवर आणि लिननवर केवढी तरी गाणी आणि रीती उभ्या आहेत. झाड कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धागा पूर्ण लांबीचा मिळतो. मग ते दवात किंवा पाण्यात कुजू देतात, वाळवतात, खोड मोडून ठेचतात, लोखंडी दात्यांच्या फणीने विंचरतात आणि मग कातायला घेतात. अंबाडीचा वाख काढताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच उमजेल. घरातल्या आजी-आजोबांपैकी कोणी पाहिलं असेल तर त्यांच्याशी मुलाची गाठ घालून द्या. माझ्या सासऱ्यांनी अंबाडी भिजवण्याच्या डोहाचा वास तासभर वर्णन करून सांगितला होता, आणि लेकीने तो तिथल्या वर्गात तसाच सांगितला. चटणीचा एक डबा यजमान घरासाठी न्या. लसूण बेताचा घाला.

बाकीच्या कलांची फक्त तोंडओळख पुरे. तो विणलेला पट्टा म्हणजे ‘युओस्ता’. त्यावरच्या नक्षीत चौकटी, तारे, दाते असतात. लग्नात आणि मानाच्या पाहुण्याला तो भेट देतात, म्हणून कोणी दिला तर दोन्ही हातांनी घ्यावा. काळी मातीची भांडी रंगवलेली नसतात. भट्टीत हवा कोंडून, राळ असलेल्या लाकडाच्या धुरात भाजल्यामुळे काजळी मातीत मुरते. तिथली लाकडी क्रूस कोरण्याची कलाही युनेस्कोच्या यादीत आहे. त्या क्रूसांवर सूर्य-चंद्राची नक्षी असते. शाउलेइ शहराजवळच्या क्रूसांच्या टेकडीवर नेणार असतील तर मुलाला आधी सांगा की सोव्हिएत काळात ती टेकडी बुलडोझरने अनेकदा साफ केली गेली आणि दर वेळी लोकांनी रात्रीतून पुन्हा क्रूस नेऊन लावले. हे माहीत असलं की तिथे पाय ठेवताना मूल आपोआप हळू बोलतं.

रुम्शिश्केसचं खुलं संग्रहालय बहुतेक शाळा दाखवतात. ते १९७४ पासून लोकांसाठी खुलं आहे. देशाच्या वेगवेगळ्या भागांतली जुनी लाकडी घरं उचलून आणून तिथे पुन्हा उभी केली आहेत. शेजारचं रुम्शिश्केस गावही मूळ जागी नाही, काउनासच्या जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयात जुनं गाव गेलं. कोयना किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांचं गाव आहे अशा घरातल्या मुलाला हे सांगितलंत तर बघण्याची नजर बदलेल. मार्चमध्ये सगळी घरं आतून उघडी असतात का, हे मात्र शिक्षकांना आधी विचारून घ्या.

आता भाषा, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. चार शब्द पाठ करून घ्या: ‘लाबास’ म्हणजे नमस्कार, ‘आच्यू’ म्हणजे धन्यवाद, ‘प्रशाउ’ म्हणजे कृपया, ‘ताइप’ म्हणजे हो. मग मुलाला एक खेळ द्या. द्येवास म्हणजे देव, द्येना म्हणजे दिन, उग्निस म्हणजे अग्नी, डूमाइ म्हणजे धूर, मेदुस म्हणजे मध, सूनुस म्हणजे मुलगा, संस्कृतातला सूनु. ‘कास तू एसि?’ म्हणजे ‘तू कोण आहेस?’, आणि त्यातला ‘तू’ आपलाच. फक्त लिथुएनियन संस्कृतातून निघाली असं सांगून पाठवू नका. दोन्ही एकाच जुन्या भाषेच्या लेकी आहेत, आणि लिथुएनियनने तिची कितीतरी जुनी रूपं जपून ठेवली आहेत. तिथल्या मुलांना हे शाळेत शिकवतात. आपल्या मुलाला ठाऊक नसेल तर ती खट्टू होतात.

त्याच जोडीला एक गोष्ट सांगा. १८६४ ते १९०४, चाळीस वर्षं रशियन झारशाहीने लॅटिन लिपीत लिथुएनियन छापायला बंदी घातली होती. पुस्तकं सीमेपलीकडे, तेव्हा जर्मनीत असलेल्या पूर्व प्रशियात छापली जायची आणि साधे शेतकरी ती पाठीवर, गवताच्या गाड्यांत लपवून आणायचे. पकडले गेले तर तुरुंग किंवा सायबेरिया. त्यांना ‘क्निग्नेशिस’ म्हणतात, पुस्तकं वाहून आणणारे. १६ मार्चला त्यांचा दिवस पाळतात. त्या काळात आया घरात चोरून मुलांना वाचायला शिकवत. पेत्रास रिम्शा या शिल्पकाराचं १९०६ सालचं ‘लिथुएनियाची शाळा’ नावाचं शिल्प आहे: आई चरख्यावर सूत कातते आहे आणि शेजारी उभं मूल पुस्तक वाचतं आहे. जाण्याआधी मुलाला त्याचा फोटो दाखवा. मी दाखवला तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. इथे दर शनिवारी देवनागरी गिरवायला बसवताना आमची जी ओढाताण चालते, ती तिलाही आठवली असावी. त्यानंतर तिने स्वतःहून गोधडीच्या कडेला मराठीत आपलं नाव आणि आजीचं नाव टाक्यांनी लिहिलं.

इतिहासातल्या दुखऱ्या जागाही सांगून ठेवा. लिथुएनियाला रशियाचा भाग समजून बोलू नये. यजमान घरातल्या आजी-आजोबांच्या आई-वडिलांना १९४१ साली किंवा त्यानंतर सायबेरियात नेलं गेलेलं असू शकतं. ते आपणहून बोलले तर ऐकावं, खोदून विचारू नये. ११ मार्च हा १९९० साली स्वातंत्र्य परत मिळाल्याचा दिवस, त्या दिवशी सुट्टी असते. काउनासचा नववा किल्ला दाखवणार असतील तर तिथे नाझी काळात हजारो ज्यूंची हत्या झाली, हे मुलाला घरी, आपल्या भाषेत, आपल्या तोंडून कळलेलं बरं. आणि भारताचा दुवा कोणी विचारलाच तर हेर्मान कालेनबाख यांचं नाव सांगता यावं. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना टॉल्स्टॉय फार्मसाठी १९१० साली जमीन देणारे हे मित्र लहानपणी रुस्ने गावात वाढले. २०१५ पासून तिथे दोघांचा एकत्र पुतळा उभा आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर तो आणि इथलं निवास-कार्ड, दोन्ही मूळ प्रती सोबत हव्यात, फोटोकॉपी चालत नाही. दोन्हींची मुदत आजच तपासा, नूतनीकरणाला वेळ लागतो. दोन्ही पालकांच्या सहीचं इंग्रजीतलं संमतीपत्र द्या. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपियन आरोग्य कार्ड असतं, ते तिथे चालतं. विमा खासगी असेल तर कंपनीला विचारा. भारतातून थेट जाणाऱ्या मुलांना शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. तातडीचा क्रमांक ११२. घड्याळ जर्मनीच्या एक तास पुढे.

कपड्यांत फक्त बुटांवर भर द्या. मार्चमध्ये तापमान शून्याच्या आसपास असतं, बर्फ वितळून चिखल होतो आणि अर्धा दिवस बाहेर उभं राहायचं असतं. पाणी न शिरणारे बूट, लोकरीचे दोन जोड मोजे. घरात बूट काढतात, म्हणून मोज्यांना भोक नसलेलं बरं.

शाकाहारी मूल असेल तर यजमान घराला महिनाभर आधी पत्र लिहा, आणि ‘मांस खात नाही’ एवढ्यावर थांबू नका. बटाट्याचे मोठे गोळे, त्सेपेलिनाइ, यांत मांसाऐवजी दह्याच्या चोथ्याचं सारणही भरतात, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची सवय असते. सूपही अनेकदा हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असतं. हे दोन्ही स्पष्ट लिहा. मुलाला ‘बे मेसोस’, मांसाशिवाय, एवढं म्हणता यायला हवं. उपाशी कोणी राहत नाही: बटाट्याची धिरडी, बीटाचं गुलाबी थंड सूप आणि सोबत गरम बटाटे, चॉकलेटचं आवरण असलेली गोड दह्याची वडी. ही वडी सगळ्या मुलांना आवडते. पावाचा तुकडा खाली पडला तर जुनी माणसं तो उचलून त्याचं चुंबन घेतात. आपण अन्नाला पाय लागला तर नमस्कार करतो, तसंच ते आहे. पाव ताटात टाकू नये.

कोणाच्या घरी जाताना फुलं न्यायची असतील तर विषम संख्येत, सम संख्या अंत्यविधीला. उंबऱ्यावर उभं राहून हात मिळवायचा नाही, आधी आत जायचं.

शेवटी जत्रेचं. ४ मार्चच्या आसपासच्या शनिवार-रविवारी राजधानी व्हिल्नियसमध्ये संत काझिमिरची जत्रा भरते, ‘काझ्युको मुगे’. मुलांना बहुधा तिथे नेतातच. लाकडी चमचे, वेताच्या टोपल्या, दोऱ्यात ओवलेले कडक पाव गळ्यात घालून फिरणारी मुलं. किती पैसे द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, पण सुटे युरो द्या, आणि विकणाऱ्याला ‘हे तुम्ही स्वतः केलं का?’ असं विचारायला शिकवा. स्वतः केलेलं असेल तर माणूस खुलून सांगतो. अंबर, म्हणजे प्राचीन झाडांचा दगडासारखा झालेला पिवळा डिंक, घ्यायचं असेल तर स्वस्त माळांच्या मागे लागू नये. एक परीक्षा घरी करता येते: खरं अंबर मिठाच्या दाट पाण्यात तरंगतं, साध्या पाण्यात बुडतं. मध घेतला तर तो मोठ्या बॅगेत, हातातल्या सामानात अडवतात. कात्रीही मोठ्या बॅगेतच. काळं भांडं मात्र स्वेटरात गुंडाळून जवळच ठेवावं.

आणि जत्रेतून मूल ‘व्हेर्बा’ नक्की आणेल. वाळलेली रानफुलं आणि गवत काठीभोवती गुंफून केलेला हा रंगीत दंड ईस्टरच्या आधीच्या रविवारसाठी असतो. आमचा अर्धा विमानात झडला. फुलं अजून लेकीच्या स्वेटरच्या खिशात सापडतात. नकाशे ठेवायची पुठ्ठ्याची नळी, साधारण साठ सेंटिमीटरची, दोन्ही बाजूंनी झाकण असलेली, आताच मागवून ठेवा. जाताना तीत गोधडी गुंडाळून जाते.