पाळीव सापावरील माइट्सचा बंदोबस्त

बॉल पायथन (पाळला जाणारा लहान जातीचा अजगर) तासन्‌तास पाण्यात बसू लागला आणि भांड्याच्या तळाशी बारीक काळे ठिपके दिसले, तर त्याच्या डोळ्यांच्या कडा व हनुवटीखालचे खवले भिंगातून तपासावेत. ते ठिपके माइट्स, म्हणजे सापाचे रक्त पिणारी बारीक कीड, असू शकतात. माइटची मादी रक्त पिऊन सापावरून उतरते आणि पेटीच्या फटींत अंडी घालते. म्हणून केवळ सापावर उपचार करणे, माझ्या मते, व्यर्थ आहे. पेटीतील भुसा पिशवीत बांधून टाकावा, फटी गरम पाण्याने धुवाव्यात आणि पेटी पूर्ण सुकल्यावर पांढरा कागद अंथरावा, कारण त्यावर कीड चटकन दिसते. सापाला कोमट, उथळ पाण्यात ठेवावे; मात्र मे महिन्यात नागपुरात छतावरच्या टाकीतील पाणी फार तापते, ते थेट वापरू नये. कुत्र्यांचे गोचीडनाशक स्वतःहून कधीही लावू नये. औषध व मात्रा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्यानेच ठरवावी.