‘एकच’ म्हणजे किती? दारू सोडलेल्या माणसाला संशोधक होताना साथ देण्याबद्दल

सोशल वर्कच्या मुलामुलींचे हल्ली मेसेज येतात की ताई, व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या, स्वतः सोबर असलेल्या लोकांना रिसर्च शिकवायचाय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा माझा अनुभव एकदाच सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या प्रोजेक्टमध्ये एक दादा आमच्यासोबत होते, दहावी पास, नऊ वर्षं सोबर म्हणजे दारूला न शिवलेले, वस्तीत दारू सोडलेल्यांची मिटिंग चालवायचे. प्रश्न मी ठरवले, फॉर्म मी बनवला, माणसं शोधून आणली दादांनी, कारण त्यांच्याशिवाय आम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं, आणि शेवटी रिपोर्टमध्ये त्यांचं नाव कुठे, तर आभाराच्या एका ओळीत. ते काही बोलले नाहीत. मला मात्र ती ओळ आजही टोचते.

डोळे उघडले ते त्याच प्रोजेक्टमध्ये, ऑडिटमुळे. ऑडिट म्हणजे डब्ल्यूएचओची दारूबद्दलची १० प्रश्नांची प्रश्नावली, स्कोअर ४० पैकी, ८ किंवा वर गेला की पिणं धोक्याचं धरतात. दुसरा प्रश्न आहे की पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक होतात. लोक सांगायचे ‘एकच’ आणि आमची मुलं ‘१ किंवा २’ वर टिक करायची, मार्क शून्य. दादा एके दिवशी फॉर्म बघत बसले होते, म्हणाले, ताई, हा एकच म्हणतोय ती क्वार्टर आहे, पेग नाही. आता हिशोब बघा, क्वार्टर १८० मिलीची, बाटलीवर ४२.८ टक्के, म्हणजे साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, आणि ऑडिटच्या मॅन्युअलमध्ये एक ड्रिंक १० ग्रॅमचं, म्हणजे एकच नाही, सहा! तिसरा प्रश्नच आहे की एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा होतात. रोज क्वार्टर घेणाऱ्याला पहिल्या तीन प्रश्नांत १० मार्क पडायला हवेत, आमच्याकडे पडत होते ४. वर नियम असा की दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज शून्य असेल तर थेट नवव्या प्रश्नावर जायचं, म्हणजे मधले पाच प्रश्न आम्ही विचारतच नव्हतो. ड्रिंकचं माप आपल्या भागाप्रमाणे बसवून घ्या असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, आम्ही नुसतं भाषांतर करून मोकळे झालो होतो. एम.ए., पीएच.डी. झालेले चार जण होतो आम्ही, पण पकडलं दादांनी.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की प्रश्न त्यांचाच असला पाहिजे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी १९८६पासून बरे झालेले पेशंटच पुढे दुसऱ्यांना उभं करत आलेत. गोव्यात ‘संगत’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या लोकांना ट्रेनिंग देऊन दारूसाठी समुपदेशन करून बघितलं, १० केंद्रं होती, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के ऑडिटच्या ८ खाली आले, बाकीच्यांत २६ टक्के. म्हणजे उपचार देणं सामान्य माणसाला जमतं हे सिद्ध झालंय. मग प्रश्न विचारणं का नाही जमणार?

आता कामाचं. पहिले दोन-तीन महिने पुस्तक उघडूच नका. एक वही द्या, आठवड्यात जे खटकलं ते लिहायला सांगा. दादांच्या वहीत एकच गोष्ट सारखी येत होती, बायको पहिले दोन महिने फॅमिली मिटिंगला येते, नवरा सुधारला की यायची बंद होते, का? हाच पुढे त्यांचा अभ्यास झाला.

सगळ्यात अवघड जातं ते शेअरिंग आणि मुलाखत यातला फरक. मिटिंगमध्ये समोरच्याचं ऐकून आपलं सांगायचं असतं, त्यानेच तर माणूस मोकळा होतो. मुलाखतीत ‘माझंही अगदी असंच होतं’ म्हटलं की समोरचा आपल्या सुरात सूर मिसळतो, मग त्याचं स्वतःचं राहूनच जातं. हे लेक्चर देऊन कळत नाही. रेकॉर्डिंग एकत्र बसून ऐका, कुठे आपण मध्ये पडलो ते त्यांनाच ओळखू द्या. दादांना चौथ्या मुलाखतीपासून जमायला लागलं.

दुसरं म्हणजे ज्याला आपण समुपदेशन करतो त्याची मुलाखत स्वतः घ्यायची नाही. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, दादांचे उपकार असतात ना डोक्यावर! आणि मुलाखतीत कुणी परत प्यायल्याचं सांगितलं तर ते सेंटरला सांगायचं नाही, ही गुप्तता पाळताना दादांच्या जिवाची फार घालमेल व्हायची. अशा दिवशी फोन उचला, रात्री दहा वाजले तरी. दारूच्या अड्ड्याचं वर्णन तासभर ऐकून क्रेव्हिंग, म्हणजे प्यायची तलफ, येऊ शकतं, म्हणून दिवसाला दोनच मुलाखती आणि संध्याकाळी त्यांची स्वतःची मिटिंग चुकवायची नाही. स्लिप झाली, म्हणजे ते स्वतःच परत प्यायले, तर काय करायचं तेही सुरुवातीलाच दोघांनी मिळून लिहून ठेवा. आमचं ठरलं होतं, काम थांबेल, मानधन थांबणार नाही, आणि परत यायचं दार उघडं राहील.

मानधन द्याच. सेवा म्हणून फुकट करतील ते, पण करून घेऊ नका.

नावाचं मात्र त्यांना विचारा. एएमध्ये (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) अनामिक राहणं हा पायाच आहे, त्यामुळे लेखक म्हणून नाव छापायचं की नाही यावर दादांनी महिनाभर विचार केला, घरी मुलीला विचारलं, तिच्या लग्नाचं बघत होते तेव्हा. शेवटी नाव दिलं, पण स्वतःच्या पिण्याचा उल्लेख कुठे केला नाही.

लिहायचं मराठीत. इंग्रजी मी केलं आणि परत एकेक वाक्य मराठीत वाचून दाखवलं, दोन ठिकाणी मी अर्थ बदलला होता तो त्यांनी दुरुस्त करून घेतला. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीसमोर तेच बोलले, मी शेजारी बसले होते. डिग्रीचा प्रश्न सगळीकडे आडवा येतो, मुख्य संशोधक म्हणून दहावी पास माणूस चालत नाही, म्हणून ते आता मुक्त विद्यापीठातून शिकतायत, तोवर कागदावर मी.

यंदाचा अभ्यास पगाराच्या दिवसाबद्दल आहे, पहिला पगार हातात आल्यावर काय होतं त्याचा. प्रश्न त्यांचा, टीम त्यांची, दोन नवीन रुग्णमित्र, म्हणजे बरे होऊन दुसऱ्यांना साथ देणारे, त्यांच्याकडे शिकतायत, पहिल्या दिवशी दोघांना वह्या दिल्या म्हणे. मला मागच्या रविवारी फोन आला तो एक्सेलमधला एक टेबल बरोबर आहे का एवढं विचारायला. टेबल बरोबर होता.