मुलांमधला ओडोन्टोमा आणि अडकलेला दात : या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे 'येईल हो, थांबा'. नऊ वर्षांची मुलगी. वरचा उजवा मधला पटाशीचा दात येऊन वर्ष झालेलं, डावीकडे दुधाचा अजून घट्ट. वर्षभर आईला धीर दिला गेला, एक्स-रे कोणीच काढला नाही. काढला तेव्हा दुधाच्या दाताच्या मुळाशी तांदळाच्या कण्यांसारखे दातांचे तुकडे दिसले : कंपाउंड ओडोन्टोमा, म्हणजे दाताच्याच ऊतींची, कर्करोग नसलेली गाठ. त्याच्या वर कायमचा दात अडकलेला, आणि तोवर शेजारचा दात सरकून जागा निम्मी उरलेली. दहा मिनिटांच्या निदानाचं दोन वर्षांचं तारांचं काम झालं. जोडीचा दात येऊन सहा महिने झाले की एक्स-रे काढायचाच.

तोही एकच नको. एक्स-रे यंत्राची नळी बाजूला सरकवून दुसरा घ्या. दुसऱ्या एक्स-रेत नळीच्याच दिशेने सरकलेला दिसणारा दात टाळूकडे असतो. तरी शंका राहिली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन.

दुसरी चूक टाके घालण्याच्या घाईत होते. गाठ काढली, पण एखादा कण मागे राहिला की दाताची वाट अडलेलीच. कण एक्स-रेवर मोजून ठेवा, ट्रेमध्ये पुन्हा मोजा आणि टाक्यांआधी एक फिल्म घ्या. भोवतीचं आवरणही पूर्ण निघालं पाहिजे. अडकलेला दात मात्र काढू नका, तो बहुतेक वेळा निरोगी असतो.

अडकलेला दात खाली ओढायला त्याच्यावर साखळी चिकटवतात; ती निसटण्याचं खापर सिमेंटवर फोडतात, खरं कारण रक्त. अ‍ॅड्रेनलिनचा बोळा दोन-तीन मिनिटं दाबून धरा, मगच दात खरखरीत करणारं ॲसिड लावा. चिकटवल्यावर तिथेच हलकं ओढून बघा. मुळाच्या मानेपर्यंत हाड कोरू नका, तिथे इजा झाली की दात हाडाला चिकटून बसायची भीती. ओढ ६० ग्रॅमच्या आसपास पुरते. जोर वाढवून दात लवकर येत नाही.

काढलेलं सगळं फॉर्मॅलिनमध्ये तपासणीला जाऊ द्या, 'दिसतोय ना ओडोन्टोमा' चालणार नाही. अनेक ओडोन्टोमा आणि जबड्यात हाडाच्या गाठी दिसल्या तर गार्डनर सिंड्रोमचा (आतड्यात पॉलिप होणारा आनुवंशिक आजार) विचार करून पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवा.

सुळ्यांसाठी नवव्या-दहाव्या वर्षापासून दरवेळी ओठाखाली बोट फिरवा. फुगवटा लागला नाही आणि एक्स-रेत सुळा टाळूकडे वळलेला दिसला, तर जागा पुरेशी असताना दुधाचा सुळा वेळेत काढा. एरिक्सन आणि कुरोल यांच्या १९८८ च्या अभ्यासात एवढ्यानेच ४६ पैकी ३६ सुळे वाटेवर आले.