आरनॅव्ह सिड-स्टार उडवायचंय? आधी विमानाचे कागद काढा

मी फिनिक्सच्या डीअर व्हॅली विमानतळावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडायची पात्रता) शिकवते. सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी) आलेली पुण्या-नाशिककडची पोरं माझ्याकडे असतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला: "मॅम, पॅनेलवर जीपीएस आहे ना, मग आरनॅव्ह सिड घ्यायला काय हरकत?" आरनॅव्ह म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरूनच न जाता आखलेल्या पॉइंटवरून जाणं; सिड म्हणजे विमानतळावरून निघायचा आणि स्टार म्हणजे विमानतळाकडे यायचा ठरलेला मार्ग. पोरांच्या प्रश्नाचं उत्तर स्क्रीनवर सापडत नाही. ते फ्लाइट मॅन्युअलच्या सप्लिमेंटमध्ये असतं. त्या जीपीएसला आयएफआरसाठी (उपकरणांवरच्या उड्डाणासाठी), टर्मिनल भागात (विमानतळाच्या आसपास) वापरायची मान्यता आहे असं तिथे लिहिलेलं हवं. काही जुन्या विमानांत यंत्राशेजारी 'व्हीएफआर यूज ओन्ली' (फक्त बाहेर बघून उडताना वापरा) अशी पट्टी चिकटवलेली असते, तिथे विषय संपला. आयपॅडवरचं ॲप कितीही सुंदर दिसलं तरी ते या हिशेबात धरलं जात नाही.

अमेरिकेत या सिड आणि स्टार आरनॅव्ह १ या दर्जाच्या असतात. म्हणजे उड्डाणाच्या ९५ टक्के वेळात विमान आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १ नॉटिकल मैलाच्या आत राहिलं पाहिजे. अमेरिकेची विमान नियामक संस्था एफएए, तिने याचे निकष २००७ च्या ॲडव्हायझरी सर्क्युलर ९०-१००ए मध्ये दिले आहेत. ही रेष किती बारीक असते ते फिनिक्सकरांना विचारा. सप्टेंबर २०१४ मध्ये फिनिक्सच्या मोठ्या विमानतळावर, स्काय हार्बरवर, आरनॅव्ह डिपार्चर सुरू झाली आणि आधी पसरून जाणारी जेट विमानं रोज त्याच त्या घरांवरून जाऊ लागली. शहर कोर्टात गेलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल एफएएच्या विरोधात लागला.

आता विमानाला आपण कुठे आहोत हे कळतं कशावरून? चार्टवर 'जीपीएस रिक्वायर्ड' किंवा 'डीएमई/डीएमई/आयआरयू ऑर जीपीएस' अशी टीप असते, ती आधी वाचा. डीएमई म्हणजे अंतर सांगणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र, आयआरयू म्हणजे विमानाच्या हालचालीवरून जागा मोजणारी इनर्शियल यंत्रणा. दुसरा पर्याय मोठ्या विमानांचा. त्यांचा एफएमएस (उड्डाणाचा संगणक) एकमेकांशी ३० ते १५० अंशांचा कोन करणाऱ्या डीएमईच्या जोड्या शोधत राहतो आणि जिथे जोडी मिळत नाही तिथे इनर्शियल यंत्रणा वेळ मारून नेते. आपल्या सेसना १७२ मध्ये यातलं काही नाही. एका व्हीओआर-डीएमईवर (दिशा आणि अंतर देणाऱ्या एका रेडिओ केंद्रावर) आरनॅव्ह १ होत नाही. आपल्याला जीपीएसच.

जीपीएसमधला डेटाबेस २८ दिवसांनी बदलतो, गुरुवारी ०९०१ झुलूला (यूटीसी वेळेला). ॲरिझोनात तेव्हा पहाटेचे दोन वाजलेले असतात, म्हणून गुरुवारी सकाळी पहिलं उड्डाण असलेल्याने जास्त डोळे उघडे ठेवावेत. जी१००० (गार्मिनचं स्क्रीनवालं पॅनेल) सुरू होताना तारीख दाखवतो आणि तुम्ही एंटर दाबेपर्यंत थांबतो. मुलं न वाचताच एंटर दाबतात. माझ्या शेजारी बसून असं केलंत तर मी इंजिन बंद करायला लावते.

प्रोसीजर लोड करायची ती नावानेच. प्रोक बटण, सिलेक्ट डिपार्चर, मग सिड, रनवे आणि ट्रान्झिशन (सिडला पुढच्या मार्गाशी जोडणारा तुकडा). एकेक वेपॉइंट हाताने टाकून सिड 'बनवायला' परवानगी नाही. डेटाबेसमध्ये ती प्रोसीजर नसेल तर ती तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही. लोड झाली की चार्ट मांडीवर घ्या आणि प्रत्येक पॉइंटचं नाव, क्रम, कोर्स आणि अंतर जुळवा. कोर्समध्ये ३ अंशांपर्यंत फरक दिसला तर तो बहुधा मॅग्नेटिक व्हेरिएशनचा (खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतल्या फरकाचा) असतो, घाबरू नका. पॉइंटच गायब असेल तर मात्र घाबरा.

आता सीडीआय, म्हणजे विमान रेषेपासून किती बाजूला आहे ते दाखवणारी सुई. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. आरनॅव्ह १ मध्ये सुई टोकाला गेली की विमान रेषेपासून १ मैल बाजूला, अशी स्केल हवी. डिपार्चरला हे आपोआप जमतं. पण स्टार तर विमानतळापासून कितीतरी लांब सुरू होते आणि ३० मैलांच्या बाहेर यंत्र एनरूट मोडमध्ये असतं. वास (जीपीएस अचूक करणारी उपग्रह यंत्रणा) असलेल्या यंत्रात तेव्हा सुईचं टोक २ मैलांवर असतं, जुन्या सी१२९ मानकाच्या यंत्रात ५ मैलांवर. सुई जेमतेम हललेली दिसते, तुम्ही निवांत असता आणि विमान हद्दीबाहेर गेलेलं असतं. म्हणून स्टार सुरू होण्याआधी एमएफडीवर (उजव्या स्क्रीनवर) मोठा नॉब फिरवून ऑक्स ग्रुपमध्ये जा, सिस्टिम सेटअपचं पान उघडा, नॉब दाबून कर्सर आणा आणि जीपीएस सीडीआयच्या चौकटीत 'ऑटो'च्या जागी १.० निवडा. अप्रोचला स्केल त्याहून बारीक व्हायची असते, ती यंत्र आपोआप करतं. यानंतर सुई अर्ध्याच्या आत ठेवायची. वळणात क्षणभर बाहेर गेली तर चालतं, पण वळण संपल्यावर लगेच परत आणा. नुसत्या मूव्हिंग मॅपवर विमानाचं चित्र रेषेवर दिसतंय, एवढ्यावर विसंबू नका.

रेमचं, म्हणजे जीपीएस स्वतःच्या सिग्नलची खातरजमा करू शकेल का याचं, भाकीतही निघण्याआधी बघायचं. सलग ५ मिनिटांहून जास्त खंड दाखवत असेल तर उड्डाण पुढे ढकला किंवा मार्ग बदला. वास असलेल्या यंत्राला वासचं कव्हरेज ठीक असेल तर ही वेगळी तपासणी लागत नाही. पण नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) चाळाच. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवर जीपीएस जॅमिंगच्या चाचण्या होतात आणि त्याची झळ दूरवर पोचते.

फ्लाइट प्लॅनमध्ये विमान जे करू शकतं तेवढंच लिहा. रकाना १० मध्ये जी (जीपीएस) आणि आर (पीबीएन, म्हणजे ठरलेल्या अचूकतेचं नॅव्हिगेशन), रकाना १८ मध्ये पीबीएन/ आणि पुढे कोड. जीपीएसवर आरनॅव्ह १ म्हणजे डी२. डी१ म्हणजे सगळे सेन्सर, तो आपला नव्हे. मित्राच्या प्लॅनमधून कॉपी केलेला डी१ मी लगेच ओळखते. खासगी उड्डाणाला इथे वेगळं पत्र लागत नाही, एअरलाइन आणि चार्टरवाल्यांना ऑपस्पेक सी०६३ (एफएएची लेखी परवानगी) लागतो.

उपकरणं सगळी ठीक असूनही सिड नाकारायची वेळ येते. बऱ्याच प्रोसीजरवर 'टर्बोजेट ओन्ली' असतं. क्लाइंब ग्रेडियंटही बघा: मैलाला ४०० फूट मागितले असतील आणि ग्राउंडस्पीड ९० नॉट असेल, तर मिनिटाला ६०० फूट चढावं लागेल. जुलैच्या दुपारी भरलेली १७२ ते देईल का, हे परफॉर्मन्स टेबल उघडून ठरवा.

आणि वाटेत जीपीएस गेलं तर? आपल्याकडे डी२शिवाय काही नाही, तेव्हा लपवाछपवी न करता कंट्रोलरला लगेच सांगा: "अनेबल आरनॅव्ह, लॉस्ट जीपीएस, रिक्वेस्ट व्हेक्टर्स." म्हणजे दिशा आता तुम्हीच द्या. तोवर नॅव्ह २ वर (दुसऱ्या नॅव्हिगेशन रेडिओवर) जवळचा व्हीओआर आधीच लावून ओळखून ठेवलेला असावा.