सुट्टीहून परतताना: रावेरहून जळगावला नेलेली पाण्याची बाटली

जूनच्या मध्यावर मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षासाठी रावेर तालुक्यातील आमच्या गावाहून जळगावला परतले, तेव्हा सामानात आईने दिलेल्या बिबड्यांच्या आणि कुरडयांच्या डब्याशेजारी आमच्या विहिरीच्या पाण्याची एक बाटली होती. या वर्षी खेड्यातून पहिल्यांदाच वसतिगृहात राहायला येणाऱ्या मुलामुलींसाठी मी मुख्यतः त्या बाटलीविषयी लिहीत आहे.

पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी पुढच्या वर्षाची सगळी पुस्तके घरी नेली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणी, झोके आणि आमरसाच्या पंगती यांत सुट्टीचे पहिले दिवस गेले. पुढे पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दुपारी डोके चालेना आणि पुस्तके तशीच परत आली. त्याची खंत मला पुढे बरेच दिवस होती. आता वाटते की चूक आळसाची नव्हती. घरी राहून कॉलेजचेच काम करायचे, हा बेतच चुकीचा होता.

यंदा मे महिन्यात आमच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांमधून पाणी नीट येईना. ज्या दिवसांत केळीला पाण्याची सर्वाधिक गरज असते, त्याच दिवसांत काही ओळींची पाने दुपारी मलूल दिसू लागली. आप्पांनी नळीवरचा एक ड्रीपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी तोटी, उघडून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या बारीक वाटेत पांढरा, खरखरीत थर बसला होता. आप्पा म्हणाले, की पाणी जड आहे, दरवर्षी ॲसिड सोडावे लागते. त्यांनी आणलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब मी त्या थरावर टाकले आणि तो फसफसला. त्या क्षणी मला दुसऱ्या वर्षाच्या जर्नलमधले पान आठवले, कारण तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा होता आणि वर येणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे होते. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्याचे न विरघळणारे कार्बोनेट होते. आमच्या काळ्या नळ्या तर दिवसभर उन्हात तापतात. हे समीकरण मी परीक्षेत बिनचूक लिहिले होते आणि तरीही ते आमच्याच बागेतले आहे, हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतरचे आठ दिवस मी आप्पांबरोबर आम्लप्रक्रिया केली. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चारच्या आसपास येईल इतके आम्ल सोडायचे, ते नळ्यांत एक रात्र राहू द्यायचे आणि सकाळी नळ्यांची टोके उघडून पाणी जोरात वाहू द्यायचे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, हा प्रयोगशाळेतला नियम या वेळी मी आप्पांना सांगितला, हातमोजे घालायला लावले आणि त्यांनी ते ऐकले.

परतण्याआधी मी बाटली विहिरीच्याच पाण्याने तीनदा विसळून तोंडापर्यंत भरली, म्हणजे आत हवा राहणार नाही. कॉलेजमध्ये सरांची परवानगी घेऊन पन्नास मिलिलिटर पाण्यात सामू स्थिर ठेवणारे अमोनियाचे बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगसूचक घातला आणि ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून घेणारे द्रावण, थेंबथेंब सोडू लागले. दुसऱ्या वर्षी हेच टायट्रेशन, म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडून केलेले मोजमाप, मी तयार नमुन्यावर, गुणांसाठी केले होते. या वेळी मद्यासारखा लाल रंग निळा होईपर्यंत माझी नजर फ्लास्कवरून हलली नाही. तेवीस मिलिलिटर लागले, म्हणजे काठिण्य, आप्पांच्या शब्दांत पाण्याचा जडपणा, लिटरला ४६० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमचे पाणी या दोहोंच्या मध्ये बसते.

म्हणून नव्या मुलांना माझे सांगणे असे, की सुट्टीत घरच्या कामात मनापासून उतरा, मग ते काम केळीचे असो, कपाशीचे असो वा दुकानाच्या हिशेबाचे असो, आणि निघण्यापूर्वीच्या दोन-तीन दिवसांत त्यातला न समजलेला एक भाग वहीत लिहून घ्या. तुम्ही वाणिज्य शाखेचे असाल, तर माल विकल्यावर मिळणारी, हमालीची वजावट असलेली एक काटापट्टीसुद्धा पुरे. शिक्षकांकडे असा प्रश्न घेऊन गेलात, तर बोलण्याची भीड आपोआप कमी होते. निदान माझी झाली.

व्यवहाराची एक गोष्टही मोलाची आहे. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर इतकी गर्दी होते की कॉलेजचे पहिले दिवस रांगेत जातात. माझे तसे गेले आहेत.

टायट्रेशनच्या संध्याकाळी मी आप्पांना फोनवर आकडा सांगितला. त्यांनी लगेच विचारले, की मग वर्षातून किती वेळा आम्ल सोडायचे, आणि पावसाळ्यात विहीर भरल्यावर हाच आकडा राहील का. मला उत्तर देता आले नाही. दोन्ही प्रश्न मी या वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत आणि पोळ्याला घरी जाईन तेव्हा आणण्यासाठी दुसरी बाटली धुऊन ठेवली आहे.